पावसाळ्यात फुलपाखरं बघायची तर उघडीप गाठा

मुलुंडच्या एका वाचकाचा प्रश्न, थोडक्यात असा: "मे अखेरीस कॅमेरा घेतला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन दर रविवारी सकाळी सातला बोरिवलीच्या नॅशनल पार्कात जातोय. सहा रविवार झाले, धड दिसली अशी फुलपाखरं तीन. एका इंग्रजी लेखात वाचलं, की वसंत ऋतू थंड आणि ओला गेला तर फुलपाखरं घटतात. आपल्याकडे पावसाच्या गारव्याने तेच होतं का? ऑक्टोबरपर्यंत कॅमेरा कपाटात ठेवून देऊ का? आणि मुलगी विचारते, पावसात भिजलं तर फुलपाखरू मरतं का?"

कॅमेरा कपाटात अजिबात ठेवू नका. मुंबईच्या पावसाळ्यात बंद कपाटातल्या लेन्सला बुरशी धरते आणि मग ऑक्टोबरमध्ये फुलपाखरांऐवजी दुरुस्तीवाल्याचं दार शोधावं लागतं. बाकीचं सविस्तर सांगतो. वीसेक वर्षं पावसाळ्यात आरे, येऊर आणि बोरिवलीची जंगलं करतोय, आणि पहिली दोन वर्षं मीही तुमच्यासारखाच सकाळी सातला जाऊन, कोपरापर्यंत भिजून, रिकामा परत यायचो.

आधी त्या इंग्रजी लेखाबद्दल. त्यातलं खोटं काहीच नाही, फक्त ते तिकडचं आहे. ब्रिटनमध्ये १९७६ पासून लोक ठरलेल्या वाटांवरून दर आठवड्याला चालून फुलपाखरं मोजतात. त्यांचा नियम असा: हवेचं तापमान १३ अंशांच्या खाली असेल तर मोजणी करायचीच नाही. १३ ते १७ च्या दरम्यान असेल तर बऱ्यापैकी ऊन हवं. १७ च्या वर ढगाळ चालेल, पण पाऊस नको. एप्रिल-मे गारठ्यात गेले की तिकडच्या फुलपाखरांना उडताच येत नाही. उडता नाही आलं की मधुरस नाही, जोडीदार नाही, अंडी घालायला झाड शोधणं नाही. पुढची पिढी तिथेच आटते.

आपल्याकडे जुलैतल्या रात्रीसुद्धा पारा २४-२५ च्या खाली क्वचित उतरतो. म्हणजे त्यांच्या तापमानाच्या मोजपट्टीने मुंबईत पावसाळाभर चोवीस तास हवा 'योग्य'च असते. तरी फुलपाखरं दिसत नाहीत, कारण फुलपाखराला हवेचं तापमान नव्हे, स्वतःच्या छातीतल्या स्नायूंचं तापमान सांभाळायचं असतं. नीट उडायला ते तीस अंशांच्या आसपास किंवा वर लागतं, आणि ही ऊब ते बहुतांशी बाहेरून, उन्हातून घेतं. भर पावसाळी दिवशी हवा २६-२७ ला, वर ओला वारा, ऊन नाही. म्हणजे कमी पडतात ते तीन-चार अंश. ते भरून काढायला अख्खा उन्हाचा दिवस लागत नाही. ढग पातळ झाले आणि दहा मिनिटं पिवळट उजेड पडला तरी काम होतं. आपल्या पावसाळ्यातली सगळी गंमत या दहा मिनिटांत आहे, आणि ती सकाळी सातला येत नाही.

सातला बोरिवलीच्या झाडीत काळोखच असतो, पानं ठिबकत असतात आणि फुलपाखरं पानाच्या खालच्या बाजूला पंख मिटून लटकलेली असतात. तुम्ही त्यांच्या शेजारून गेलात, एवढं नक्की. पावसाळ्यात मी घरून नऊच्या आधी निघत नाही. दहा ते एक ही माझी वेळ. त्या वेळेतही जोराचा पाऊस असेल तर चहाच्या टपरीवर बसतो, निमूट.

दुसरं कारण पंचांगाचं. मे महिन्यात आपल्याकडे फारशी कोवळी पानं नसतात, गवत वाळलेलं असतं, त्यामुळे उडणारी फुलपाखरं कमीच असतात. पहिला पाऊस पडला, टाकळा उगवला, वेली फुटल्या, की असलेल्या मोजक्या माद्या अंडी घालायला लागतात. अंडं ते फुलपाखरू हा प्रवास साधारण तीन ते पाच आठवड्यांचा, जातीप्रमाणे आणि हवेप्रमाणे कमी-जास्त. हिशेब करा: जूनच्या मध्यावर घातलेली अंडी जुलैच्या पहिल्या ते तिसऱ्या आठवड्यात उडायला लागणार. तुमचे सहा रविवार बहुतेक या मधल्या काळात पडले. तेव्हा फुलपाखरं गेली नव्हती, ती अळीच्या रूपात पानं खात होती. पुढे श्रावणात ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला की चित्र बदलतं, आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर म्हणजे तर दिवाळीच. देशभरातले लोक सप्टेंबरमध्ये 'बिग बटरफ्लाय मंथ' करतात ते उगाच नाही.

आता उघडीप कशी असते ते एकदा जवळून सांगतो. गेल्या वर्षी जुलैअखेर आरेत, एका कच्च्या रस्त्याच्या कडेला छत्रीखाली उभा होतो. पाऊण तास झड लागलेली. समोर टाकळ्याचं गुडघाभर रान. पाऊस थांबला, तरी पाचेक मिनिटं काहीच नाही, फक्त पानांवरून थेंब गळताहेत. मग ढगाला एक भोक पडलं. टाकळ्याच्या एका पानाखालून कॉमन ग्रास यलो चालत, हो, चालतच वर आलं. हे फुलपाखरू बसलं की पंख मिटूनच बसतं, उघडत नाही. त्याने काय केलं, अख्खं अंगच एका बाजूला कलतं केलं, वाऱ्यात होडी झुकावी तसं, आणि मिटलेल्या पंखाची पिवळी बाजू बरोबर उन्हाकडे धरली. दोन हातांवर एका दगडावर लेमन पँझी आलं. त्याची तऱ्हा उलटी: चारही पंख सपाट उघडून पाठ शेकत बसलं, मधूनच पंख थरथरवून. मी फुटभर अंतरावर गेलो तरी ढिम्म. अंग गार असताना ते उडू शकत नाही आणि हे त्यालाही ठाऊक असतं. ऑक्टोबरच्या कडक उन्हात हेच लेमन पँझी तुम्हाला दहा फुटांवर येऊ देत नाही. सातव्या-आठव्या मिनिटाला ग्रास यलो उडालं. मग दुसरं, तिसरं. बाराव्या मिनिटाला त्या एवढ्याशा तुकड्यात मी पाच जाती मोजल्या. विसाव्या मिनिटाला पुन्हा आभाळ भरलं आणि रंगमंच रिकामा.

फोटो काढणाऱ्याला याहून चांगली संधी नाही. म्हणून मी म्हणतो, पावसाळा हा फुलपाखरं मोजण्याचा काळ नसेल, पण जवळून बघण्याचा नक्की आहे.

उघडीप ओळखायला हवामान खात्याचं मुंबईच्या रडारचं चित्र फोनवर बघायची सवय लावा. दादरला कोसळत असतो तेव्हा मुलुंडला कोरडं असतं, हे तुम्हाला सांगायला नको. ढगांच्या दोन पट्ट्यांमधली फट दिसली की निघायचं. यासाठी ठिकाण घरापासून दहा-पंधरा मिनिटांवर हवं. मुलुंडहून बोरिवली गाठेपर्यंत उघडीप संपलेली असते. खरं तर तुमची चूक कुठली असेल तर ठिकाणाची. नॅशनल पार्क १०० चौरस किलोमीटरहून मोठं आहे आणि त्याची पूर्वेकडची कड तुमच्या मुलुंडच्या मागेच आहे. आत शिरायचं असेल तर परवानगी लागते, शिरूही नका. पण त्या कडेच्या रस्त्यावर, सोसायटीच्या मागच्या पडीक जागेत, मैदानाच्या कुंपणाशी जे तण माजतं तेच आपल्याला हवं. एखादा रविवार मोकळा असेल तर घोडबंदर रस्त्यावरची ओवळेकर वाडी गाठा. फुलपाखरांसाठीच लावलेली बाग आहे, तुम्हाला जवळ पडेल. जाण्याआधी वेळ तेवढी विचारून घ्या.

मात्र रोजच्यासाठी स्वतःची दोन-तीनशे मीटरची एक वाट ठरवा आणि तीच पुन्हा पुन्हा चाला. ब्रिटिशांकडून घेण्यासारखी गोष्ट तापमानाची नव्हे, ही आहे. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर आणि समोर पाच मीटर, एवढ्याच चौकटीत जे दिसेल ते लिहायचं. सावकाश चालायचं. मुलीला वही द्या, तारीख, वेळ, ऊन की ढग, आणि संख्या. शून्य असेल तर शून्य लिहायचं. त्यात ती तुमच्यापेक्षा काटेकोर निघेल.

आता पाऊस थांबतच नाही तेव्हा काय करायचं? सांताक्रूझच्या नोंदींत जुलैचा सरासरी पाऊस ८०० मिलिमीटरच्या वर जातो, तेव्हा असे सलग आठ दिवस येणारच. अशा वेळी उडणारं शोधणं सोडा आणि पानं बघायला लागा. याची सुरुवात बाल्कनीतल्या कढीपत्त्यापासून. कॉमन मॉर्मनची मादी त्यावर एकेक अंडं घालते, पिवळसर, गोल, खसखशीपेक्षा थोडं मोठं आणि मोहरीपेक्षा लहान. त्यातून निघालेली अळी पहिले काही दिवस हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते: तपकिरी, मध्ये पांढरा पट्टा, ओलसर चकाकी. लिंबावरच्या लाइम बटरफ्लायचंही तसंच. एरवी हे सोंग पकडायला नजर तयार व्हावी लागते. पावसाळ्यात मात्र एक सोपी खूण आहे. चार तास मुसळधार पाऊस पडून गेलाय आणि तरी पानावर शीट जशीच्या तशी? मग ती शीट नव्हे. खरी केव्हाच धुऊन गेली असती. ही युक्ती मला कुणी शिकवली नाही, एका ओल्या दुपारी कढीपत्त्याकडे बघत चहा पिताना डोक्यात आली, आणि तेव्हापासून कधी फसली नाही. अळीला काडीने हलकेच टेकवलं की डोक्यामागून लालसर दुपाख्या शिंगासारखा अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मुलीला एकदा दाखवा. रोज नको, बिचारीला त्रास होतो.

इमारतीत पानफुटी असेल तर तिची पानं उजेडाला धरा. रेड पिएरो या इटुकल्या फुलपाखराची अळी पानाच्या आत, दोन्ही पापुद्र्यांच्या मध्ये राहून गर खाते. बाहेर धो धो कोसळतोय आणि ही आत कोरडी बसून जेवतेय. पान जागोजागी पोकळ, पारदर्शक झालेलं दिसतं. माळी लोक अशी पानं रोग म्हणून तोडून टाकतात. आमच्या माळीकाकांना पटवायला मला दोन पावसाळे लागले.

बाकी फुलपाखरांच्या अळ्यांसाठी ही झाडं बघा: फाटकाजवळ उंच वाढलेल्या खोट्या अशोकाची कोवळी पानं टेल्ड जेसाठी, कण्हेर कॉमन क्रोसाठी (त्याचा कोष चांदीचा मुलामा दिल्यासारखा चमकतो, एकदा दिसला की विसरत नाही), आंब्याची पानं बॅरनसाठी. बॅरनची अळी पानाच्या मधल्या शिरेवर अशी चपटून बसते की दोन्ही बाजूंना पसरलेले तिचे काटे पानाच्याच शिरा वाटतात. आणि रुई. शनिवारी मारुतीसाठी स्टेशनबाहेर रुईच्या माळा विकायला येतात, त्या बघा. एकदा माझ्या हातातल्या माळेवर पांढऱ्या-काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची प्लेन टायगरची अळी निघाली. माळ मारुतीला वाहिली, ते एक पान घरी आणलं. टाकळ्याच्या जुड्याही तशाच. जूनमध्ये आदिवासी बायका भाजीला आणतात, निवडताना बारीक हिरवी अळी सापडली तर किंचाळू नका. बहुधा एमिग्रंट नाहीतर ग्रास यलोची असते.

अळ्या घरी वाढवायचा मोह होईल, होऊ दे, पण माझी चूक करू नका. पहिल्याच वर्षी जुलैत मी सात अळ्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवल्या आणि ओली पानं तशीच आत टाकत राहिलो. चौथ्या दिवशी पाच अळ्या काळ्या पडून लोंबत होत्या, तळाला विष्ठेवर बुरशी. पावसाळ्यात पानं फडक्याने टिपूनच द्यायची, तळाला रोज नवा वर्तमानपत्राचा कागद, आणि झाकणाऐवजी जुन्या मच्छरदाणीचा तुकडा. बाहेरसुद्धा पाऊस असाच फार दिवस टिकला तर बऱ्याच अळ्या रोगाने जातात. म्हणजे ओल्या गारव्याचं नुकसान आपल्याकडेही आहे, फक्त ते फुलपाखराला नव्हे, अळीला जास्त सोसावं लागतं.

भुरभुर पावसातही कोण उडतं? मोठी, काळी. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन, २०१५ मध्ये जाहीर झालेलं. मराठीत त्याला आता नीलवंत म्हणतात. नाव छान आहे, पण आमच्या तोंडी अजून इंग्रजीच बसलंय, इलाज नाही. पंख पसरले की १२ ते १५ सेंटिमीटर. ढगाळ दुपारी झाडीतल्या वाटेवरून काळी-निळी फडफड गेली की दुसरं काही शोधायची गरज नाही. त्याची अळी माकडलिंबासारख्या लिंबाच्या नातलगांवर वाढते, त्यामुळे रान जवळ असेल तिथे तो दिसतोच. कॉमन क्रोसुद्धा ढगांना फार जुमानत नाही.

आणि एक तुमच्या जिन्यात आहे. इव्हनिंग ब्राऊन. हे दिवसा पाचोळ्यात पडून राहतं, संध्याकाळी दिवेलागणीला उडतं आणि इमारतीच्या ट्यूबलाइटकडे येतं. सकाळी दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या भिंतीवर करड्या रंगाचा, मिटलेल्या पंखांचा त्रिकोण दिसला की बहुतेक तोच. लोक पतंग समजून झाडूने हाकलतात. पावसाळ्यातल्या पिढीच्या पंखांवर खालच्या बाजूने ठळक गोल डोळे असतात. पावसाळ्यानंतरच्या पिढीत ते जवळजवळ पुसले जातात आणि पंख सुक्या पानाचं रूप घेतात. पावसाळ्यात रान हिरवं असल्यामुळे सुकं पान होऊन लपता येत नाही, त्यापेक्षा पक्ष्याची चोच पंखाच्या कडेवरच्या खोट्या डोळ्यावर पडलेली परवडते. बुशब्राऊन या त्याच्या नातलग फुलपाखरामध्येही असंच होतं. आत्ता एक फोटो काढून ठेवा, जानेवारी-फेब्रुवारीत त्याच जातीचा दुसरा काढा, आणि मुलीला दोन्ही शेजारी ठेवून एकच जात आहे हे पटवून बघा.

कॅमेऱ्याबद्दल दोनच गोष्टी. एसी लोकलमधून किंवा एसी गाडीतून उतरल्यावर लेन्सवर वाफ धरते. पुसत बसू नका, पिशवीतच वीस मिनिटं राहू द्या. आणि रेनकोटपेक्षा छत्री बरी, कॅमेराही तिच्याखाली येतो. फक्त शेकत बसलेल्या फुलपाखरावर तिची सावली पाडू नका, लगेच उडतं नाहीतर पानाखाली जातं.

पान उलटून बघताना काठीने उलटा, हाताने नको. गवतात पाय टाकण्याआधी तिथे काठी टेकवा, पावसाळ्यात घोणस आणि फुरसं दोन्ही असतात. साचलेल्या पाण्यात उघडी जखम घेऊन जाऊ नका, लेप्टोचं, म्हणजे अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजाराचं, भय खरं आहे. इव्हनिंग ब्राऊनच्या नादात मुलीला घेऊन संध्याकाळी आरे-येऊरच्या रस्त्यावर थांबू तर मुळीच नका. तिथे ती वेळ बिबट्याची. त्याच्यासाठी तुमचा जिना पुरे.

राहिला मुलीचा प्रश्न. तिला सांगा, नुसतं भिजल्याने फुलपाखरू मरत नाही. त्याच्या पंखांवर कौलांसारखे एकावर एक खवले असतात, आपल्या बोटाला लागते ती पूड तीच, आणि त्यांच्यावर पाणी टिकत नाही, थेंब होऊन घरंगळतं. मार बसतो तो मोठ्या थेंबाचा, म्हणून ते पानाखाली जातं. चिखलात पंख चिकटून पडलेलं एखादं दिसलं तर पंखाला हात न लावता त्याच्या पायांपुढे काडी धरायची. ते स्वतःच काडी पकडतं. मग काडी उजेडाच्या बाजूच्या झुडपात, आडोशाला खोचून ठेवायची आणि ऊन यायची वाट बघायची.